नास्तिकपणा हा पण एक धर्मच आहे का?

आमच्या ठाण्यात वर्षभर काही ना काही चालूच असतं, गणपती झाले की टेंभी नाक्याचं नवरात्र, मग पाडव्याला कोपिनेश्वर मंदिरातून निघणारी स्वागतयात्रा, आणि अशा गर्दीत कोणी सहज म्हणालं की मी देव मानत नाही, तर समोरून एक वाक्य हमखास येतं, "अरे मग तुझा नास्तिकपणा हा पण एक धर्मच झाला की." बोलणारा बऱ्याचदा प्रेमानेच बोलतो, वाद वाढू नये म्हणून बोलतो. पण या एका वाक्यात तीन-चार वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. आता २०२७ ची जनगणना येतेय, धर्माचा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जाणार, त्यामुळे हा गुंता एकदा नीट सोडवून बघूया.

माझं मत आधीच सांगते. नास्तिकता हा धर्म नाही. पण नास्तिक माणसाच्या विवेकाला धार्मिक माणसाच्या श्रद्धेइतकंच संरक्षण हवं. लोकांना वाटतं यातलं दुसरं हवं असेल तर पहिलं सोडावं लागेल, म्हणजे संरक्षण पाहिजे तर आधी धर्म म्हणून नाव नोंदवा. तसं नाहीये, आणि भारतात तर नास्तिकतेला धर्म म्हटल्याने संरक्षण मिळण्याऐवजी नुकसानच व्हायची शक्यता आहे. ते कसं ते पुढे सांगते.

आधी साधी गोष्ट. धर्म म्हणजे नुसतं "देव आहे" एवढं वाक्य नसतं. त्यात जग कसं झालं याची गोष्ट असते, मेल्यावर काय होतं ते असतं, बारसं-मुंज-लग्न-तेरावं असतं, कधी उपास आणि काय खायचं नाही ते असतं, सोयरीक कुठे करायची हे असतं, कोणाच्या पाया पडायचं आणि कोणाचा शब्द शेवटचा मानायचा हे असतं. याउलट नास्तिकता म्हणजे एका प्रश्नाचं एक उत्तर. देव मानतोस का? नाही मानत. संपलं. कोणी म्हणालं की मी ठाणे स्टेशनवरून लोकल पकडत नाही, तर तो ऑफिसला बसने जातो, बाईकने जातो की घरूनच काम करतो हे तुम्हाला त्यावरून कळत नाही, फक्त लोकलने जात नाही एवढं कळतं. नास्तिक माणसाचंही तसंच, तो काय मानत नाही ते कळलं, काय मानतो ते अजून विचारायचंय.

आता गंमत बघा, देव आणि धर्म या दोन गोष्टी आपण एकत्रच धरतो पण त्या सुट्या असतात. माझी एक मैत्रीण नेरूळला राहते, बौद्ध कुटुंब. घरात गेलं की समोरच बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, लग्न असो की गृहप्रवेश, आधी त्रिशरण-पंचशील, पांढऱ्या साड्या, वंदना सगळ्यांना तोंडपाठ, अगदी लहान पोरांनाही. आणि देव? देव नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यातली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेश यांना देव मानणार नाही अशी आहे. म्हणजे इथे देव नाही पण धर्म पूर्ण आहे. जैनांचंही बघा. टेंभी नाक्याच्या जैन मंदिरात सकाळी पूजेला गर्दी असते, पण जैन विचारात जग निर्माण करणारा ईश्वर नाहीच. आपल्याकडची पूर्वमीमांसा, म्हणजे वेदातल्या कर्मकांडाचा विचार करणारं दर्शन, तर याहून पुढची, वेद शंभर टक्के प्रमाण, यज्ञ काटेकोर, पण जग घडवणाऱ्या ईश्वराची तिला गरज पडत नाही.

हे कोर्टानेही कधीच ओळखलंय. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिरूर मठाच्या केसमध्ये म्हटलं की धर्म ईश्वरवादीच असला पाहिजे असं नाही, भारतात बौद्ध आणि जैन हे प्रसिद्ध धर्म देव मानत नाहीत. प्यू रिसर्च सेंटरचा भारतातल्या धर्मावरचा मोठा सर्व्हे २०२१ ला आला, त्यात ९७ टक्के भारतीयांनी देव मानतो म्हणून सांगितलं, पण बौद्धांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी देव मानत नाही म्हणून सांगितलं, आणि तरी ते बौद्ध आहेतच. "देव नाही म्हणजे धर्म नाही" हे समीकरण तिथेच तुटतं.

उलटी बाजू पण आहे आणि ती मला जास्त आवडते. मुंबई हायकोर्टात एक केस आली होती. याचिका करणारे येशू ख्रिस्तावर श्रद्धा असलेले लोक, पण त्यांचं म्हणणं असं की आम्ही ख्रिश्चन धर्माचे नाही, आम्ही कुठल्याच धर्माचे नाही. राजपत्रात "धर्म नाही" अशी नोंद करून द्या म्हणून सरकारी छापखान्याकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला, म्हणून ते कोर्टात गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये निकाल लागला. कोर्ट म्हणालं की मी कुठल्याच धर्माचा नाही असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि सरकार कोणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. आता यात नास्तिक कोण आहे? कोणीच नाही! देव मानणाऱ्या माणसांनी "धर्म नाही" लिहायचा हक्क मिळवला आणि तो आज नास्तिकांच्याही कामाला येतो.

तिसरं उदाहरण आमच्या घरातलं. माझे काका नौपाड्यात राहायचे, पक्के नास्तिक, आणि सोसायटीच्या गणपतीचे हिशोब वर्षानुवर्षं तेच बघायचे कारण त्यांच्याइतका चोख हिशोब कोणाचाच नव्हता. आरती सुरू झाली की ते मागे खुर्च्या नीट लावत उभे राहायचे, हात जोडायचे नाहीत, आणि आरती संपली की प्रसादाचं ताट घेऊन पहिल्या मजल्यापासून वाटायला लागायचे. कोणी टोकलं की प्रसाद कसा चालतो तुम्हाला, तर म्हणायचे शेजारच्या वहिनींनी सकाळपासून उभं राहून केलाय, का नाही खायचा. ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं, दहावा-तेरावा नाही, फक्त एक शोकसभा. आजीला ते फार जड गेलं, तिने तिच्या खोलीत दिवा लावून ठेवला आणि तो कोणी विझवला नाही. तर काकांकडे ग्रंथ नव्हता, गुरू नव्हता, संस्कार नव्हते, कोणाला आपल्यासारखं करून घ्यायची इच्छा तर अजिबातच नव्हती. याला धर्म म्हणायचं तर धर्म या शब्दात काही शिल्लकच राहत नाही.

यावर एक चांगला आक्षेप येतो आणि तो टाळू नये. देव नाही हे तरी तुम्ही कुठे सिद्ध केलंय, मग ती पण श्रद्धाच ना? इथे दोन प्रकारचे लोक वेगळे काढावे लागतात. एक म्हणतो मला पुरावा पटला नाही म्हणून मी मानत नाही, उद्या पटला तर बघू. दुसरा ठामपणे म्हणतो की देव नाहीच. पहिल्याने कुठला दावाच केलेला नाही. दुसऱ्याने केलाय, आणि त्याने आपली कारणं द्यायलाच हवीत, हे मला मान्य आहे, नुसतं छातीठोक बोलून चालणार नाही. आणखी एक तिसरा असतो, अज्ञेयवादी, तो म्हणतो हे कळण्यासारखंच नाही, त्याच्यासाठी इंग्रजीतला शब्द थॉमस हक्सलीने १८६९ मध्ये काढला. पण समजा दुसऱ्याचा दावा चुकीचा निघाला, अगदी हट्टीपणाचा निघाला, तरी तो एक चुकीचा दावा ठरेल, धर्म नाही ठरणार. भुतं नसतात असं ठामपणे म्हणणारी कितीतरी देवभोळी माणसं आहेत, त्यांचा भूत-नसण्याचा वेगळा धर्म आहे असं आपण म्हणत नाही.

मग नास्तिकांचा धर्म कधी झालाच नाही का? झाला. आणि तो किस्सा नीट सांगण्यासारखा आहे कारण त्यातून फरक एकदम स्वच्छ दिसतो. फ्रान्समध्ये ऑगस्त कॉम्त नावाचा विचारवंत होता, १७९८ चा जन्म, समाजशास्त्राच्या पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. त्याला वाटलं देव गेला तरी माणसाला देऊळ लागतंच, म्हणून त्याने देवाच्या जागी मानवजात ठेवून अख्खा धर्म रचला. पुरोहित ठरवले, नऊ संस्कार ठरवले, स्वतःची दिनदर्शिका केली, तेरा महिने, प्रत्येकी अठ्ठावीस दिवस, आणि महिन्यांना मोझेस, होमर, ॲरिस्टॉटल अशी नावं. रोजची प्रार्थना सुद्धा होती. ब्राझीलमध्ये हा विचार इतका रुजला की रिओ दि जानेरोत मानवतेचं मंदिर उभं राहिलं आणि ब्राझीलच्या झेंड्यावरचे "सुव्यवस्था आणि प्रगती" हे शब्द कॉम्तच्याच विचारातून आलेत. हा देव नसलेला धर्म होता, यात शंका नाही. पण तो धर्म कशामुळे झाला ते बघा, पुरोहितांमुळे, संस्कारांमुळे, दिनदर्शिकेमुळे, मंदिरामुळे. देव नाकारला म्हणून नाही झाला.

सत्तेने लादलेली नास्तिकता पण जगाने बघितली आणि ती भयंकर होती, हे नास्तिकांनीच आधी म्हणायला हवं. सोव्हिएत रशियात १९२५ पासून देवविरोधी प्रचाराची अधिकृत संघटना होती, आणि अल्बेनियाने १९६७ मध्ये सगळी चर्च आणि मशिदी बंद करून स्वतःला नास्तिक राष्ट्र जाहीर केलं. लोकांना घरात लपून प्रार्थना करावी लागली. ही धर्मासारखी सक्ती होती हे खरंय, पण तिचं बळ एका राजकीय विचारसरणीतून आणि पोलिसांच्या ताकदीतून आलं होतं. "मला पटत नाही" एवढ्याने कोणी दुसऱ्याचं देऊळ बंद करत नाही, त्यासाठी सोबत आणखी बरंच काही लागतं, आणि ते जे काही आहे त्याला त्याच्या नावाने ओळखलं पाहिजे.

इथेच "बिलीफ सिस्टीम"चा, म्हणजे धर्म नाही तर निदान एक विचारसरणी तरी आहे का, हा प्रश्न येतो. नास्तिक माणसाची विचारसरणी असू शकते, बहुतेकांची असतेच, मानवतावाद, मार्क्सवाद, विवेकवाद, काहीही. पण ती नास्तिकतेतून आपोआप निघत नाही. महाराष्ट्रातच बघा, आगरकर बुद्धिवादी सुधारक, सावरकर देवधर्माच्या कर्मकांडाला न मानणारे पण हिंदुत्वाचे प्रवर्तक, कॉम्रेड डांगे कम्युनिस्ट. देवपूजेच्या बाबतीत तिघं जवळजवळ असतील, पण समाज कसा असावा म्हणून विचारलं असतं तर तिघांची तोंडं तीन दिशांना. एका धर्माच्या माणसांचं निदान काहीतरी एक असतं, इथे "नाही" सोडून काहीच एक नाही.

अजून एक गैरसमज जाता जाता दूर करते. अंधश्रद्धा निर्मूलन समिती म्हणजे नास्तिकांची संघटना असं अनेकांना वाटतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर कायम सांगायचे की समितीचा देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे, आणि कार्यकर्त्यांत देव मानणारे लोकही होते आणि आहेत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने मंजूर केला. त्या कायद्यात देव मानू नका असं एक अक्षर नाही. फसवणूक आणि अघोरी प्रकार, एवढ्यापुरताच तो आहे.

आता कायद्याकडे. परदेशात काही ठिकाणी कोर्टांनी नास्तिकतेला धर्मासारखं वागवलंय आणि त्याचाच दाखला वादात दिला जातो. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या तुरुंगात एका कैद्याला नास्तिकांचा अभ्यासगट चालवायचा होता, धार्मिक गटांना परवानगी होती आणि याला नाकारली. २००५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने म्हटलं की घटनेच्या संरक्षणापुरतं याचं मत धर्माच्या जागी धरायला हवं. ते "पुरतं" महत्त्वाचं आहे. कोर्टाने नास्तिकतेची व्याख्या नाही केली, समान वागणूक द्यायची होती म्हणून ज्या खान्यात संरक्षण आहे त्या खान्यात त्याला बसवलं. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्याने हे जास्त सरळ केलं, धर्म असणं आणि धर्म नसणं दोन्हीला सारखंच संरक्षण. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही १९९३ मध्ये हेच म्हटलं, ईश्वरवादी, निरीश्वरवादी, नास्तिक सगळ्या मतांना संरक्षण, आणि कुठलाच धर्म न मानण्यालाही.

आपली राज्यघटना या बाबतीत फार सुंदर आहे. कलम २५ मध्ये धर्माच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य येतं. मग धर्म मानायचं, आचरायचं, प्रसार करायचं स्वातंत्र्य. म्हणजे नास्तिकाला आत येण्यासाठी धर्माचं तिकीट काढावं लागत नाही. आमदार-खासदारांच्या शपथेतही दोन पर्याय आहेत, ईश्वराला साक्षी ठेवून किंवा गांभीर्याने प्रतिज्ञा करून, दोन्हीचं वजन सारखं.

आणि आता ते नुकसान. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३. जोडीदार "दुसऱ्या धर्मात धर्मांतर करून हिंदू राहिला नाही" तर ते घटस्फोटाचं कारण होऊ शकतं. नवरा किंवा बायको नास्तिक झाली तर? नास्तिकता धर्म नाही म्हणून काहीच होत नाही, हिंदू कुटुंबात जन्मलेला नास्तिक कायद्याच्या नजरेत हिंदूच राहतो. पण नास्तिकतेला धर्म ठरवलं की ते धर्मांतर ठरवायला वाट मोकळी. १९५६ च्या दत्तक आणि पोटगी कायद्यात दुसऱ्या धर्मात गेलेली पत्नी वेगळं राहून पोटगी मागायचा हक्क गमावते. त्याच वर्षीच्या वारसा कायद्यात धर्मांतर केलेल्याची धर्मांतरानंतर झालेली मुलं, वारसा उघडायच्या वेळी, म्हणजे मालमत्ता मागे ठेवून नातेवाईक वारला तेव्हा, ती हिंदू नसतील तर, हिंदू नातेवाईकांच्या वारशाला अपात्र ठरतात. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश, त्यात म्हटलंय की हिंदू, शीख किंवा बौद्ध सोडून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही (शीख १९५६ ला जोडले, बौद्ध १९९० ला). नास्तिकता हा "वेगळा धर्म" धरला तर देव न मानणाऱ्या दलित मुलाच्या दाखल्यावरच बोट ठेवता येईल. "तुझा पण धर्मच झाला की" हे चहा पिताना बोलायला सोपं आहे, पण त्याची किंमत एखाद्या बाईच्या पोटगीत आणि एखाद्या पोराच्या ॲडमिशनमध्ये मोजावी लागू शकते, म्हणून मी या शब्दावर एवढी अडून बसते.

हे नुसतं कल्पनेतलंही नाही, धर्म आणि धर्म नसणं यावरून इंग्रजांच्या काळात लोकांना खरंच खोटं बोलावं लागलंय. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर दोघांना जाहीर करावं लागायचं की मी हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यातलं काहीच मानत नाही. ज्यांची जात वेगळी एवढाच अडथळा होता त्या श्रद्धाळू जोडप्यांनाही धर्म नाकारावा लागायचा. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना आपापसात लग्न करताना १९२३ च्या दुरुस्तीने यातून सूट मिळाली, आणि १९५४ च्या कायद्याने ती अट सगळ्यांसाठीच काढली. आज ठाण्यात रजिस्टर लग्न करणाऱ्याला तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते (त्या नोटिशीचा जाच वेगळाच, तो विषय कधीतरी), पण देव मानतो की नाही हे कोणी विचारत नाही.

राहता राहिली जनगणना. २०११ ला फॉर्मवर सहा मोठ्या धर्मांना सांकेतिक क्रमांक ठरलेले होते आणि बाकी जे सांगतील ते लिहायचं होतं. सुमारे ३३ हजार लोक नास्तिक म्हणून नोंदले गेले आणि त्यांची मोजणी "इतर धर्म आणि पंथ" याच तक्त्यात झाली, सरना धर्माच्या सुमारे ४९ लाख आदिवासींच्या सोबत. धर्म न सांगितलेले वेगळे, ते साधारण २८ लाखांच्या वर. तक्त्यात कुठेतरी बसवायचं म्हणून बसवलं, त्यावरून नास्तिकता धर्म ठरत नाही, पण खरा आकडा यातून मुळीच कळत नाही, कारण माझ्या काकांसारख्यांच्या नावापुढे घरातल्या कोणीतरी "हिंदू" सांगून मोकळं झालेलं असतं. प्रगणकाला सूचना असते की नावावरून धर्म ठरवायचा नाही, समोरचा जे सांगेल तेच लिहायचं. यावेळी स्वतः ऑनलाईन माहिती भरायचीही सोय आहे. घरात कोणी नास्तिक असेल, मुलगी असो की आजोबा, तर फॉर्म भरणाऱ्याने त्या रकान्यापाशी थांबून त्यांना विचारावं की तुमच्यापुढे काय लिहू, आणि ते सांगतील तेच लिहावं.